आयर्लंडांतील खानेसुमारीचे कागद व पूर्वजांचीं घरें

१. विषय

कुलवृत्तांत लिहूं पाहणारास पूर्वजांचीं नांवें, जन्ममृत्यूचीं सालें व विवाहसंबंध हातीं लागले म्हणजे आपलें काम बरेंचसें उरकलें असें वाटतें. परंतु तीं माणसें कशा घरांत रहात होतीं, त्या घराच्या भिंती मातीच्या होत्या कीं दगडी, छपरावर गवत होतें कीं कौल, एका खोलींत किती जीव रात्र काढीत, दारापाशीं गोठा होता कीं नव्हता, या प्रश्नांचीं उत्तरें वंशावळीच्या कागदांत बहुधा सांपडत नाहींत. आयर्लंडांतील १९०१ व १९११ या दोन सालांच्या खानेसुमारीचे मूळ कागद याला अपवाद आहेत. त्यांत माणसांची नोंद तर आहेच, पण घराचीहि स्वतंत्र नोंद आहे.

खानेसुमारी या शब्दाचा अक्षरार्थच मुळीं घरांची मोजदाद असा आहे. पुढें तो शब्द आपण माणसांच्या गणतीस लावूं लागलों. आयर्लंडच्या कागदांत हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. हिंदुस्थानांतहि इंग्रज सरकारनें याच दोन सालीं खानेसुमारी केली. परंतु आपल्याकडे तिचे छापील अहवाल व कोष्टकें तेवढीं राहिलीं, घरोघर भरून घेतलेले मूळ तक्ते जपून ठेवण्यांत आले नाहींत. आयर्लंडांत नेमके तेच जपले गेले. म्हणून कागदपत्रांच्या संग्राहकांनीं त्यांची रचना समजून घेणें अगत्याचें आहे.

हे कागद कसे वाचावे, तें सांगणें हा या लेखाचा हेतु आहे. प्रत्येक घरापुढें 'पहिला', 'दुसरा', 'तिसरा' किंवा 'चौथा' असा दर्जा लिहिलेला असतो. पुष्कळ जिज्ञासु तो दर्जा टिपून घेतात व तेथेंच थांबतात. परंतु दर्जा ही एका बेरजेची अखेर आहे. ती बेरीज सुटी करून वाचल्यावांचून घर डोळ्यांपुढें उभें रहात नाहीं, आणि कित्येकदां त्या दर्जानें वाचकाची उघड दिशाभूल होते.

२. नष्ट झालेले व उरलेले कागद

आयर्लंडची पहिली संपूर्ण खानेसुमारी १८२१ सालीं झाली. तेथून १९११ पर्यंत दर दहा वर्षांनीं एक, याप्रमाणें दहा गणना झाल्या. १९२१ सालीं इंग्रजी सत्तेशीं युद्ध चालू असल्यामुळें गणना होऊं शकली नाहीं. पुढची १९२६ सालीं, फ्री स्टेट व उत्तर आयर्लंड या दोन राज्यांत निरनिराळी झाली. पहिल्या दहांपैकीं दोहोंचेच घरोघरचे कागद संपूर्ण उरले आहेत.

१८६१ व १८७१ या सालांचे मूळ तक्ते कोष्टकें तयार होतांच सरकारी हुकुमानें नष्ट करण्यांत आले. १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळांत रद्दी ठरून त्यांचा लगदा झाला. १८२१ पासून १८५१ पर्यंतच्या चार गणनांचे कागद डब्लिन येथें फोर कोर्ट्स नांवाच्या न्यायमंदिराच्या आवारांतील सरकारी दफ्तरखान्यांत सुरक्षित होते. एप्रिल १९२२ मध्यें इंग्लंडशीं झालेल्या तहाच्या विरुद्ध असलेल्या पक्षाच्या सैनिकांनीं त्या आवाराचा ताबा घेतला; २८ जून रोजीं तहाच्या बाजूच्या हंगामी सरकारच्या फौजेनें तोफा डागण्यास प्रारंभ केला; आणि ३० जून रोजीं मोठा स्फोट व आग होऊन दफ्तरखाना भस्मसात् झाला. अर्धवट जळालेले कपटे वाऱ्यानें शहरभर उडाले. कित्येक शतकांच्या इतर कागदांबरोबर त्या चार गणनाहि गेल्या.

त्यांतूनहि कांहीं तुकडे वांचले. १८२१ च्या गणनेपैकीं कॅव्हन, फर्मानाघ, गॉलवे, मीथ व तेव्हां किंग्ज कौंटी म्हणून ओळखली जाणारी ऑफली या कौंट्यांचे कांहीं भाग उपलब्ध आहेत. १८३१ पैकीं लंडनडेरी कौंटीचे, १८४१ पैकीं कॅव्हनमधील किलेशांड्रा या पॅरिशचे, व १८५१ पैकीं अँट्रिम कौंटीच्या कांहीं भागांचे कागद आहेत. १८२१ च्या तुकड्यांत प्रत्येक घर किती मजल्यांचें होतें व त्या कुटुंबाकडे किती एकर जमीन होती, हेंहि नमूद असल्यामुळें गृहेतिहासाच्या दृष्टीनें त्यांचें मोल मोठें आहे.

१९०१ व १९११ चे कागद १९२२ सालीं त्या इमारतींत नव्हते, म्हणून ते वांचले. १९६१ सालीं ते अभ्यासकांस खुले झाले. पुढें आयर्लंडच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यानें त्यांच्या प्रतिमा घेऊन, १९११ च्या डब्लिनपासून प्रारंभ करून, २००७ ते २०१० या अवधींत दोन्ही गणना आंतरजालावर विनामूल्य ठेविल्या. आतां पुण्यांत बसून गॉलवेच्या शेतकऱ्याची सही पाहतां येते. १९२६ च्या फ्री स्टेटच्या कागदांस शंभर वर्षांचा कायदेशीर पडदा असल्यानें त्यांची मुदत एप्रिल २०२६ ची ठरते. उत्तर आयर्लंडचे त्या सालचे कागद दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत नष्ट झाले असें समजलें जातें.

३. दोन साक्षीदार

१९०१ ची गणना ३१ मार्चच्या रात्रीची व १९११ ची २ एप्रिलच्या रात्रीची आहे. दोन्ही दिवस रविवारचे. त्या रात्रीं जो ज्या घरांत होता तो त्या घराच्या तक्त्यांत लिहिला गेला. म्हणून एकादा मुलगा घरच्या तक्त्यांत न दिसल्यास तो मृत झाला असें लगेच समजूं नये. तो त्या रात्रीं दुसऱ्याच्या शेतावर चाकरीस, शाळेच्या वसतिगृहांत किंवा रुग्णालयांत असूं शकतो. अशा संस्था, पोलीसांच्या बराकी व तुरुंग यांचे तक्ते निराळे आहेत.

प्रत्येक कुटुंबाचा मुख्य तक्ता म्हणजे 'नमुना ए'. हा कुटुंबप्रमुखानें स्वतः भरावयाचा असे. त्यांत नांव, प्रमुखाशीं नातें, धर्मपंथ, लिहितां-वाचतां येतें कीं नाहीं, वय, धंदा, विवाह, जन्मस्थान व आयरिश भाषेचें ज्ञान हे मुख्य रकाने आहेत. १९११ त विवाहित स्त्रियांविषयीं आणखी तीन गोष्टी विचारल्या गेल्या: लग्नास किती वर्षें झालीं, मुलें किती झालीं, व त्यांपैकीं जिवंत किती. लिहितां न येणाऱ्याचा तक्ता गणना करणारा शिपाई भरी व प्रमुख आपली फुली करी. ज्यास लिहितां येई त्याचें हस्ताक्षर व सही त्या कागदावर आजहि आहे. कांहीं प्रमुखांनीं तक्ता आयरिश भाषेंत भरला आहे, आणि इंग्रजी अमलाखालीं ती एक प्रकारची निशाणीच होती.

दुसरा महत्त्वाचा कागद 'नमुना बी-१', म्हणजे घरांचा व इमारतींचा तक्ता. हा कुटुंबानें भरलेला नाहीं. रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरीचा शिपाई, आणि डब्लिन शहरांत तेथील मेट्रोपॉलिटन पोलीसांचा शिपाई, घरोघर फिरून स्वतःच्या नजरेनें पाहून तो भरीत असे. त्यांत एका टाउनलँडचीं किंवा एका रस्त्याचीं सर्व घरें एकाखालीं एक येतात. टाउनलँड हा आयर्लंडांतील नांव असलेला जमिनीचा सर्वांत लहान विभाग होय; तेथें गांवठाण असेलच असें नाहीं. असे विभाग साठ हजारांहून अधिक आहेत. कागदांची मांडणी प्रथम कौंटी, तींत जिल्हा निवडणूक-विभाग, व त्यांत टाउनलँड किंवा रस्ता अशी आहे. पूर्वजांचा टाउनलँड कळला नाहीं तर एकाच नांवाच्या अनेक कुटुंबांत शोधक गुरफटून जातो. म्हणून पहिला शोध त्याचाच करावा.

आपल्या परिभाषेंत बोलावयाचें तर 'नमुना ए' हा घरच्या माणसाचा जबाब आणि 'नमुना बी-१' हा पंचनामा. जबाबांत मनुष्य स्वतःविषयीं जें सांगूं इच्छितो तें असतें. पंचनाम्यांत परक्यास जें दिसलें तें असतें. वयाच्या बाबतींत जबाब किती सैल असे तें १९०१ व १९११ चे तक्ते शेजारीं ठेवले असतां कळतें. १९०८ च्या कायद्यानें सत्तर वर्षांवरील गरीब वृद्धांस १९०९ पासून पेन्शन मिळूं लागलें, आणि दहा वर्षांच्या अंतरांत पुष्कळ वृद्ध दहाहून अधिक वर्षांनीं मोठे झालेले आढळतात. भिंतीच्या व छपराच्या नोंदींत असा लोभ शिरण्यास जागा कमी होती.

४. घराचे गुण कसे मांडले

'बी-१' मध्यें घर वस्तीचें आहे कीं रिकामें, राहण्याचें आहे कीं दुकान, शाळा वगैरे, हें लिहून पुढें घराच्या चार अंगांस गुण दिलेले आहेत. ते असे:

भिंती: दगड, वीट किंवा काँक्रीटच्या असल्यास १, माती, लांकूड किंवा इतर नाशवंत पदार्थाच्या असल्यास ०.

छप्पर: स्लेट, लोखंडी पत्रा किंवा कौलांचें असल्यास १, गवताचें, लांकडाचें किंवा इतर नाशवंत पदार्थाचें असल्यास ०.

खोल्या: एक खोली असल्यास १, दोन ते चार असल्यास २, पांच किंवा सहा असल्यास ३, सात ते नऊ असल्यास ४, दहा ते बारा असल्यास ५, तेरा किंवा अधिक असल्यास ६.

खिडक्या: घराच्या दर्शनी बाजूस जितक्या खिडक्या तितके गुण.

या चारांची बेरीज १ किंवा २ झाल्यास घर चौथ्या दर्जाचें, ३ ते ५ झाल्यास तिसऱ्या, ६ ते ११ झाल्यास दुसऱ्या, व १२ किंवा अधिक झाल्यास पहिल्या दर्जाचें ठरे. चार दर्जांची ही कल्पना १८४१ च्या गणनेच्या कमिशनरांची आहे. घराचा विस्तार खोल्यांवरून, त्याची प्रत खिडक्यांवरून व टिकाऊपणा भिंती आणि छपरावरून ठरवावा, असें त्यांचें धोरण होतें.

५. बेरीज सुटी करून वाचणें

रीत स्पष्ट व्हावी म्हणून तीन कल्पित घरें घेऊं. पहिल्या घराची मातीची भिंत, गवताचें छप्पर, एक खोली व समोर एक खिडकी. गुण ०, ०, १ व १, बेरीज २, दर्जा चौथा. दुसऱ्याची दगडी भिंत, गवताचें छप्पर, तीन खोल्या व दोन खिडक्या. गुण १, ०, २ व २, बेरीज ५, दर्जा तिसरा. तिसरें घर सर्व बाबतींत दुसऱ्यासारखेंच, परंतु खिडक्या तीन. बेरीज ६, दर्जा दुसरा. दुसऱ्या व तिसऱ्या घरांत राहणारांच्या स्थितींत एका खिडकीचें अंतर आहे, पण दर्जाच्या रकान्यांत मोठी पायरी ओलांडलेली दिसते. तेव्हां 'दुसऱ्या दर्जाचें घर' हे शब्द वाचून दुमजली इमारत कल्पिणें चुकीचें होईल. गवतानें शाकारलेलें तीन खोल्यांचें बैठें घरहि त्याच वर्गांत बसतें.

सुटे गुण वाचतांना पुढील सावधगिरी ठेवावी. पहिली, खोल्यांच्या रकान्यांतील आंकडा ही खोल्यांची संख्या नव्हे. तेथें २ असल्यास खोल्या दोन, तीन किंवा चार असूं शकतात. त्याच तक्त्यांत पुढें प्रत्येक कुटुंबाच्या ताब्यांत किती खोल्या होत्या याचा निराळा रकाना आहे. तेथला आंकडा प्रत्यक्ष संख्येचा असतो. दोन्ही ताडून पहावे. दुसरी, खिडक्या केवळ दर्शनी बाजूच्या मोजल्या आहेत. मागील भिंतीविषयीं त्यावरून कांहींच अनुमान करतां येत नाहीं. तिसरी, भिंतीच्या १ वरून दगड कीं वीट तें कळत नाहीं; तें त्या प्रदेशांत कोणतें साहित्य मिळे त्यावरून, किंवा घर अद्यापि उभें असल्यास प्रत्यक्ष पाहून ठरवावें. चौथी, छपराचा १ स्लेटचा असेल तसा लोखंडी पत्र्याचाहि असेल. पांचवी, तक्त्यांतील घराचा क्रमांक हा शिपायानें आपल्या फेरीच्या क्रमानें घातलेला आहे. दारावरील क्रमांकाशीं त्याचा संबंध असेलच असें नाहीं, आणि १९०१ तील घर क्रमांक ५ हें १९११ तील क्रमांक ५ असेल असेंहि नाहीं. घराची ओळख क्रमांकावरून न करतां राहणाऱ्यांच्या व शेजाऱ्यांच्या नांवांवरून करावी.

एवढें सांभाळलें म्हणजे दोन सालांच्या तुलनेंतून पुष्कळ निघतें. एकाच कुटुंबाच्या घराचे १९०१ तील छपराचे गुण ० व १९११ तील १ असल्यास, त्या दहा वर्षांत गवत जाऊन स्लेट किंवा पत्रा आला, किंवा कुटुंबानें नवें घर बांधलें. हा काळ आयर्लंडांत जमीन-खरेदीच्या कायद्यांचा आहे. १९०३ च्या कायद्यानें कुळांस सरकारी कर्जानें जमिनीचे मालक होण्याची मोठी वाट मोकळी झाली. ज्याचें घर दुसऱ्याच्या मर्जीवर नव्हतें त्यास छपरावर पैसा घालण्यास धीर येणें स्वाभाविक होतें. शेतमजुरांसाठीं सरकारी खर्चानें दगडी घरें बांधण्याचे कायदे १८८३ पासून होत गेले होते. म्हणून मजुराच्या घराचे भिंत व छप्पर दोन्हींचे गुण अकस्मात् ० चे १ झालेले दिसले, तर तें अशा घरांपैकीं असण्याचा संभव ध्यानांत घ्यावा व स्थानिक मंडळांच्या कागदांत त्याचा शोध करावा.

६. पहिल्या दर्जाचें घर, एका खोलीचें बिऱ्हाड

दर्जावर विसंबल्यानें किती मोठी दिशाभूल होते तें डब्लिन शहरांत दिसतें. तेथील हेन्रिएटा स्ट्रीट हा रस्ता १७२० नंतरच्या दशकांत बांधला जाऊं लागला. रुंद जिने, उंच छतें व नक्षीदार गिलावा अशा त्या हवेल्या सरदार-दरकदारांसाठीं होत्या. १८०१ सालीं आयर्लंडची पार्लमेंट इंग्लंडच्या पार्लमेंटांत विलीन झाल्यावर धनिक वर्ग हळूहळू शहर सोडून गेला, आणि पुढें या हवेल्या खोली-खोलीनें भाड्यानें दिल्या जाऊं लागल्या. १९११ च्या खानेसुमारींत या एका रस्त्याच्या १५ घरांत ८३५ माणसें रहात असल्याची नोंद आहे. त्यांपैकीं १४ क्रमांकाच्या एकट्या घरांत १०० माणसें होतीं.

आतां अशा हवेलीस गुण देऊन पहावे. पक्क्या भिंतीचा १, स्लेटच्या छपराचा १ व तेराहून अधिक खोल्यांचे ६, असे ८ गुण खिडक्या मोजण्यापूर्वींच होतात. दर्शनी बाजूस चारच खिडक्या धरल्या तरी बेरीज १२ होऊन दर्जा पहिला ठरतो. म्हणजे मातीच्या झोपडींत राहणारा शेतमजूर कागदोपत्रीं चौथ्या दर्जाच्या घरांत, आणि एका खोलींत सात-आठ माणसांसह, एकाच सार्वजनिक नळावर पाणी भरणारा डब्लिनचा हमाल पहिल्या दर्जाच्या घरांत! दर्जा इमारतीचा आहे, बिऱ्हाडाचा नाहीं. इमारतीचे गुण बांधणारानें शंभर-दीडशें वर्षांपूर्वीं मिळविलेले. राहणारांची स्थिति कळण्यास त्याच ओळींतील शेवटचे रकाने पहावे लागतात. घरांत निरनिराळीं कुटुंबें किती, प्रत्येकाकडे खोल्या किती व त्यांत माणसें किती, हे तीन आंकडे एकत्र मांडले कीं दर माणशीं जागेचें प्रमाण निघतें. शहरांतील पूर्वजांविषयीं लिहितांना दर्जा मुळींच न देतां हें प्रमाण द्यावें, हें उत्तम. १४ क्रमांकाच्या त्या घरांत २०१८ पासून एक संग्रहालय आहे, व तेथें हवेलीचें वैभव आणि बिऱ्हाडांची दाटी हे दोन्ही काळ एकाच छताखालीं पहावयास मिळतात.

७. गोठे, कोठारें व जमिनीचा धनी

ग्रामीण घरांच्या बाबतींत 'नमुना बी-२' हा तिसरा कागद अवश्य पहावा. त्यांत घराच्या जोडइमारतींची जातवार संख्या आहे: तबेला, गाडीखाना, गुरांचा गोठा, वासरांचा गोठा, दूधघर, डुकरांचें खुराड, कोंबड्यांचें खुराडें, जनावरांचें खाद्य शिजविण्याची जागा, धान्याचें कोठार, जळणासाठीं वाळविलेल्या टर्फ मातीची खोली, बटाट्यांची खोली, लोहाराची भट्टी वगैरे. 'नमुना ए' मध्यें दोन प्रमुखांचा धंदा सारखाच 'शेतकरी' असा असतो. पण एकाजवळ एक गोठा व एक डुकरांचें खुराड, आणि दुसऱ्याजवळ तबेला, दूधघर व दोन कोठारें असलीं, म्हणजे दोघांच्या शेतीचा पल्ला व रीत निराळी होती हें सांगण्यास दुसरा पुरावा नको. शब्दापेक्षां गोठा अधिक बोलतो.

'बी-१' च्या शेवटीं आणखी एक रकाना आहे. ज्या जमिनीवर हें घर उभें आहे ती ज्याच्या वहिवाटींत आहे त्याचें नांव तेथें असतें. घरचाच प्रमुख जमीनधारक असल्यास तेथें त्याचेंच नांव येतें. परंतु शेतमजुराच्या घरापुढें शेतकऱ्याचें नांव येतें. ज्यांच्या नांवावर कोठेंच जमीन नव्हती अशा कुटुंबांचा माग काढण्यास हा रकाना बहुमोल आहे. त्यावरून मजूर कोणाच्या आश्रयानें रहात होता तें कळतें, व त्या शेतकऱ्याच्या जमिनीच्या कागदांतून पुढें वाट मिळते. त्याचप्रमाणें रिकाम्या घरांच्या ओळी गाळूं नयेत. लोकवस्तीच्या ओळींमध्यें ओळीनें दोन-तीन घरें रिकामीं असणें म्हणजे बहुतेक ठिकाणीं कोणीतरी परदेशीं गेल्याची किंवा वंश संपल्याची खूण आहे. १८४१ त सुमारें ८२ लक्ष असलेली देशाची लोकसंख्या १९११ त ४४ लक्षांच्या आंत आली होती.

८. १९०१ च्या मागें कसें जावें

खानेसुमारींतील घर जमिनीवर नेमकें कोठें होतें हें ठरविण्यास नकाशे व कर-मूल्यमापनाचे कागद जोडावे लागतात. रिचर्ड ग्रिफिथ याच्या देखरेखीखालीं १८४७ ते १८६४ या काळांत सबंध देशाचें मूल्यमापन छापून प्रसिद्ध झालें. त्यांत टाउनलँडवार कूळ कोण, त्यास जमीन लावून देणारा कोण, धारणेंत घर व जोडइमारती आहेत कीं नाहींत, क्षेत्र किती व जमिनीची आणि इमारतींची आकारणी किती, हें दिलें आहे; आणि प्रत्येक धारणेचा क्रमांक नकाशावर दाखविला आहे. यांत कुटुंबांतील माणसें नाहींत, केवळ धारकाचें नांव आहे, हें लक्षांत ठेवावें.

या छापील यादीपासून १९०१ पर्यंतचा पूल म्हणजे मूल्यमापन खात्याच्या फेरफाराच्या हस्तलिखित वह्या होत. धारक बदलला, घर पडलें किंवा नवें झालें कीं जुनी नोंद खोडून वेगळ्या रंगाच्या शाईनें नवी नोंद व साल लिहीत. रंगांचा क्रम लावला म्हणजे बाप जाऊन मुलगा केव्हां आला, इमारतीची आकारणी केव्हां वाढली, व घर केव्हां नाहींसें झालें तें वर्षावर्षानें दिसतें. या वह्या डब्लिन येथें त्या खात्याच्या संग्रहांत, व उत्तरेकडील सहा कौंट्यांच्या बेलफास्ट येथील सरकारी दफ्तरखान्यांत आहेत. त्यांवरून काढलेला क्रमांक नकाशावर शोधावा. एका मैलास सहा इंच या प्रमाणाची देशाची पहिली मोजणी १८२४ सालीं सुरू होऊन १८४६ पर्यंत पुरी झाली; तिच्या नकाशांवर एकेक घर काळ्या ठिपक्यानें दाखविलें आहे.

९. जीं घरें नकाशावर राहिलीं, कागदांत राहिलीं नाहींत

या नकाशांचें विशेष महत्त्व असें कीं ते बहुतांशीं महादुष्काळाच्या पूर्वींचे आहेत. १८४५ सालीं बटाट्याच्या पिकावर रोग पडला, आणि पुढील कांहीं वर्षांत सुमारें दहा लक्ष माणसें भुकेनें व तापानें मेलीं व तितकींच, किंबहुना अधिक, देशांतर करून गेलीं. १८४१ च्या गणनेंत चौथ्या दर्जाचीं, म्हणजे एका खोलीचीं मातीचीं घरें ४,९१,२७८ होतीं. १८५१ त तीं १,३५,५८९ राहिलीं. दहा वर्षांत ३,५५,६८९ घरें कमी झालीं. हा आंकडा वाचून गृहस्थिति सुधारली असें कोणी म्हणेल तर तो मोठा अनर्थ होईल. घरें सुधारलीं नाहींत, राहणारे नाहींसे झाले. मातीची झोपडी सोडली कीं थोड्याच पावसाळ्यांत ती जमिनीस मिळते. नकाशावरील ठिपक्यांचा घोळका पुढच्या मोजणींत दिसत नाहीं, आणि शेतांत जोत्याचा दगडहि उरत नाहीं.

त्या झोपड्यांत कोण रहात होतें तें १८४१ च्या मूळ तक्त्यांत कुटुंबवार लिहिलेलें होतें. त्या तक्त्यांत घरापासून दूर असलेल्या माणसांचीं व मागील दहा वर्षांत घरांत मेलेल्या माणसांचीं नांवेंहि होतीं. जमिनीच्या किंवा कराच्या यादींत ज्यांस कधीं स्थान मिळालें नाहीं, अशा लोकांची ही एकच सविस्तर नोंद. ती १९२२ त जळाली. छापील बेरीज राहिली, माणसें गेलीं.

परंतु या राखेंतूनहि कांहीं हातीं लागतें. आयर्लंडांत सर्वांच्या जन्मांची सरकारी नोंद १८६४ पासून सुरू झाली. १९०९ सालीं पेन्शन मागणाऱ्या सत्तरीच्या म्हाताऱ्याजवळ वयाचा दाखला नसे. तेव्हां तो आईबापांचीं नांवें व बालपणींचा टाउनलँड सांगे, आणि दफ्तरखान्यांतील कारकून १८४१ किंवा १८५१ च्या तक्त्यांत तें घर शोधून उतारा देई. मूळ तक्ते जळाले, पण अर्जांचीं हीं पत्रकें डब्लिन व बेलफास्ट येथें हजारोंनीं शिल्लक आहेत. कित्येकांवर संपूर्ण कुटुंबाचा उतारा आहे. ज्यांवर 'सांपडलें नाहीं' असा शेरा आहे तींहि टाकाऊ नव्हत, कारण अर्जदारानें सांगितलेला टाउनलँड व आईबापांचीं नांवें त्यांवर असतातच. टेनिसन ग्रोव्ह्ज यांच्यासारख्या अभ्यासकांनीं आगीपूर्वीं दफ्तरखान्यांत बसून करून घेतलेल्या नकला हा दुसरा आधार. २०२२ सालीं, आगीस शंभर वर्षें झालीं तेव्हां, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकारानें अशा देशोदेशींच्या नकला व उतारे एकत्र करून जळालेला दफ्तरखाना आंतरजालावर पुन्हां उभारण्याचा उपक्रम लोकांस खुला झाला. १९१९ सालीं हर्बर्ट वुड यांनीं प्रसिद्ध केलेली त्या दफ्तरखान्याची मार्गदर्शक यादी नसती, तर काय काय गेलें हेंहि आज नीट सांगतां आलें नसतें.

१०. समारोप

वरील विवेचनावरून कामाचा क्रम असा ठरतो. प्रथम टाउनलँड निश्चित करावा. 'नमुना ए' वरून कुटुंब ओळखावें. 'बी-१' मधील त्याची ओळ पुरी उतरून घ्यावी व तींतील भिंत, छप्पर, खोल्या व खिडक्या यांचे गुण सुटे मांडावे. 'बी-२' वरून गोठे-कोठारें जोडावीं. १९०१ व १९११ च्या ओळी एकमेकींशेजारीं ठेवून फरक टिपावे. नंतर फेरफाराच्या वह्या, ग्रिफिथची यादी व नकाशे यांच्या आधारानें मागें जावें. आपल्या कुटुंबाची एकच ओळ न उतरतां सबंध टाउनलँडचा तक्ता उतरावा, कारण घर गरिबाचें कीं श्रीमंताचें हें शेजारच्या घरांशीं तुलना केल्यावांचून कळत नाहीं. दर्जा अखेरीस लिहावा, आणि त्याच्यापुढें बेरीज फोडून दाखवावी.

आपल्याकडील संग्राहकांनीं यांतून घ्यावयाची गोष्ट उघड आहे. आयर्लंडांत मूळ कागद सरकारच्या मजबूत इमारतींत होते ते जळाले, आणि पेन्शनच्या अर्जामागें कारकुनानें खरडलेला चार ओळींचा उतारा वांचला. आपल्या घराण्यांच्या दप्तरांत अशा घरझडत्या, वांटणीच्या यादी व घरबांधणीच्या खर्चाचे कागद पुष्कळ पडून आहेत. ते ज्याच्या हातीं येतील त्यानें त्यांची नक्कल लागलीच करून ती दुसऱ्या ठिकाणीं ठेवावी, व नक्कल करतांना बेरजेबरोबर बेरजेच्या रकमाहि उतरून घ्याव्या.